भा. रा. तांबे : लग्नाच्या आतली प्रेमकविता

मराठी प्रेमकविता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी येतं ते न मिळालेलं प्रेम. वाट पाहणं, नकार, ताटातूट, विष पिऊन टाकावंसं वाटणं, सगळं काही. वर्गात गोविंदाग्रज शिकताना आम्ही हेच शिकलो की प्रेम जितकं अपुरं तितकी कविता मोठी. लग्न झालं की गोष्ट संपली. सिनेमातही तसंच, नाही का? शेवटच्या रिळात वरात, आणि मग दिवे लागतात.

भास्कर रामचंद्र तांबे यांची कविता नेमकी तिथून सुरू होते, जिथे बाकीच्यांचे दिवे लागतात. लग्न झालेलं आहे. घरात माणसं आहेत. तान्हं मूल झोपलेलं आहे. बायको कशिदा काढत बसली आहे आणि नवरा उगाचच दारात रेंगाळतोय. एवढ्याशा जागेत या माणसाने आयुष्यभर गाणी लिहिली. आपल्यापैकी बहुतेकांना तांबे माहीत असतात ते लता मंगेशकरांच्या आवाजातून. ‘मधु मागशी’, ‘जन पळभर’, ‘मावळत्या दिनकरा’ ही गाणी घरोघरी वाजलेली आहेत, पण त्यांचा कवी महाराष्ट्रात राहणारा नव्हता, हे मलाही एफ.वाय.ला कळलं. तांबे जन्मभर माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे राहिले.

त्यांचा जन्म १८७३ सालचा, मुंगावलीचा. मुंगावली तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होती, आज मध्य प्रदेशात आहे. शिंद्यांचं राज्य असल्यामुळे या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या वसलेली. ग्वाल्हेरचा जो भाग ‘लष्कर’ म्हणून ओळखला जातो, त्याचं नावच मुळी दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळावरून पडलेलं. १८१० च्या सुमाराला किल्ल्याच्या पायथ्याशी तळ पडला, तंबूंची घरं झाली, घरांची पेठ झाली, आणि पुढे आख्खं शहर झालं तरी नाव लष्करच राहिलं. बाहेर हिंदी, दरबारात मराठी, कागदोपत्री इंग्रजी, गाण्यात ब्रज. अशा ठिकाणी वाढलेल्या मराठीला पुण्याच्या मराठीचा ठसका नसतो. तिच्यात एक वेगळं मार्दव येतं, थोडं जुनंपणही येतं. तांब्यांच्या ‘सखे’ आणि ‘गडे’ मध्ये मला ते ऐकू येतं.

शिक्षण झाशीला आणि देवासला झालं. कॉलेजची पदवी काही त्यांच्या नावापुढे लागली नाही. नोकऱ्या मात्र सगळ्या संस्थानी. राजपुत्राचे शिक्षक, मग न्यायखातं, दिवाणगिरी, असं करत करत त्यांचं आयुष्य गेलं. संस्थानी नोकरी म्हणजे काय हे इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यायचं असेल तर ई. एम. फॉर्स्टरचं देवासवरचं पुस्तक वाचावं. तो १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे सेक्रेटरी होता. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. मर्जी असेल तर सगळं, मर्जी गेली की काहीच नाही. फॉर्स्टरला त्यात मजा वाटली, कारण त्याला परत जायला इंग्लंड होतं. तांब्यांना तिथेच बायकामुलांचं पोट भरायचं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या घराण्याची सेवा करणारा माणूस संध्याकाळी आपल्या घरात येतो आणि त्या घराला गाण्यात घेतो, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

झाशीबद्दल एक छोटी गोष्ट. राणी लक्ष्मीबाईंचं माहेरचं आडनावही तांबेच. १८५८ च्या जूनमध्ये त्या ग्वाल्हेरपाशी लढताना पडल्या, आणि त्यांची समाधी तिथे फुलबागेजवळ आहे. तांब्यांनी त्या जागेवर कविता लिहिली, वाटसरूला थांबवणारी. शाळेत ती ज्यांनी पाठ केली असेल त्यांना तांबे वीररसाचे कवी वाटले असतील. तसे ते नव्हते. पण त्या कवितेतसुद्धा ते आधी वाटसरूला थांबायला सांगतात, दोन अश्रू मागतात, आणि लढाई नंतर येते.

आता त्यांच्या गाण्यांकडे येऊ. ‘गाणी’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. तांब्यांची समग्र कविता उघडली की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. कवितेबरोबर राग आणि ताल दिलेला असतो, आणि ठिकाण व साल. म्हणजे कविता कागदावर यायच्या आधीच तिला चाल होती. आज आपण ज्याला स्वतः लिहून स्वतःच चाल लावणारा गायक-कवी म्हणू, त्याच्या फार जवळचं हे काम आहे, फक्त गिटारच्या जागी राग. यात ग्वाल्हेरचा वाटा किती हे सांगायला नको. ख्यालगायकीचं सगळ्यांत जुनं मानलं जाणारं घराणं तिथलं. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या परंपरेचं गाणं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणलं. १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली लष्करात माधव संगीत विद्यालय सुरू झालं. जिथे रस्त्यावरून जाताना खिडकीतून तानपुरा ऐकू येतो, तिथल्या कवीला वृत्तापेक्षा ताल जवळचा वाटला तर नवल नाही. तांब्यांच्या आधीच्या मराठी कवितेत गेयता नव्हती असं नाही, ओवीपासून पदांपर्यंत सगळं गेयच आहे. पण एका माणसाच्या खासगी भावनेसाठी राग निवडणं, हे त्यांनी जितकं सातत्याने केलं तितकं त्यांच्या पिढीत दुसऱ्या कुणी केलं नसावं असं मला वाटतं.

आणि त्या खासगी भावनेत सगळ्यांत मोठी जागा नवरा-बायकोची.

‘डोळे हे जुलमी’ घ्या. बोलणारी बायको आहे. ती नवऱ्याला सांगते आहे की असं टक लावून बघू नका, माझा कशिदा चुकतोय. एवढंच. काहीही घडत नाही. पण गंमत पाहा, ही तक्रार करणाऱ्या बाईला त्याने बघणं थांबवायला नको आहे, हे प्रत्येक ओळीत कळतं. लग्नाआधीच्या चोरून बघण्यावर हजार कविता आहेत. लग्नानंतरच्या चोरून बघण्यावर किती? त्या काळच्या भरल्या घरात नवरा-बायकोला दिवसा एकमेकांशी बोलायचीसुद्धा चोरी होती. आपल्या आजी-पणजीच्या पिढीला विचारा. तेव्हा हक्काच्या माणसाकडे बघणं हेही धाडस असायचं, आणि तांब्यांनी ते धाडस हलक्या हाताने, हसत हसत टिपलं.

दुसरी, ‘तिन्हीसांजा’. इथे पुरुष बोलतो. संध्याकाळ आहे, त्याने तिचा हात हातात घेतला आहे आणि तो तिला वचन देतो आहे, आजपासून तू मला जिवापेक्षा अधिक. मी ही कविता पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला आमच्या चर्चमधला लग्नविधी आठवला. बऱ्याच जणांना वाटतं की कॅथलिक लग्न फादर लावतात. तसं नाही. वधू-वर एकमेकांना वचन देतात, तोच संस्कार, आणि तो देणारे ते दोघंच. फादर साक्षीला असतात. हिंदू लग्नात सप्तपदीला अग्नी साक्षीला असतो. तांब्यांच्या कवितेत ना भटजी, ना फादर, ना अग्नी. मावळणारा दिवस आणि येणारी रात्र यांच्या मधली ती वेळ, आणि दोन हात. विधीतलं सगळं काढून टाकून त्यांनी फक्त वचन शिल्लक ठेवलं. आणि ते वचन पुरुषाने द्यायचं. आपल्याकडे पातिव्रत्याच्या कहाण्यांचा ढीग आहे. नवऱ्याने काय वचन द्यावं, यावर फारसं कुणी गात नाही.

पण इथेच मी अडखळतेसुद्धा. त्या संध्याकाळी ती काय म्हणाली? कवितेत तिचा आवाज नाही. आणि ‘डोळे हे जुलमी’ सारख्या कवितांत जिथे बायको बोलते, तिथे तिचे शब्द लिहिणारा हात पुरुषाचाच. तांबे ब्राउनिंग आणि टेनिसनचे वाचक होते. ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांचा वळसा मराठीत आणून त्यांनी नाट्यगीत रुजवलं, म्हणजे एखाद्या पात्राच्या तोंडून, एका प्रसंगात उभं राहून गायलेली कविता. त्यांच्या नाट्यगीतांत कितीतरी बायका बोलतात. नववधू, विरहिणी, आई, विधवा. विधवेच्या मनावर त्यांनी लिहिलं ते त्या काळात सोपं नव्हतं. तरीही त्यांच्या कित्येक नायिका प्रियकराच्या पायाशी बसायला जरा जास्तच उत्सुक असतात. हे आजच्या वाचकाला खटकतं. मला तर खटकतंच. पूजा झाली की गप्पा बंद होतात, आणि लांब पल्ल्याचं लग्न गप्पांवर चालतं.

याच काळात मराठीत एका बायकोने लग्नाची आपली बाजू स्वतःच सांगितली. लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, संसार मोडता मोडता राहिला. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही घेतला आणि पुन्हा एकत्र प्रपंच उभा राहिला. १९३४ पासून पुढे भागाभागाने आलेली ‘स्मृतिचित्रे’ आपल्या कॉलेजात न वाचलेला माणूस विरळा. रे. टिळकही घरगुती विषयांवर, मुलाफुलांवर लिहिणारे, तांब्यांहून वयाने बारा वर्षांनी मोठे. पण टिळकांचं लग्न कसं होतं हे आपल्याला टिळकांच्या कवितेतून कळत नाही, लक्ष्मीबाईंमुळे कळतं, सोवळं-ओवळं, पैशांची उधळपट्टी, रागावून निघून जाणं आणि परत येणं यांच्यासकट. तांब्यांच्या घरातून अशी एखादी वही बाहेर आली असती तर! मग या गाण्यांच्या खाली दुसरा सूर लागला असता. ती वही आपल्याकडे नाही, म्हणून तांब्यांच्या संसाराची गोडी आपल्याला एकाच बाजूने चाखावी लागते. हे लक्षात ठेवून वाचलं तर तांबे कमी होत नाहीत असं माझं मत आहे. उलट ते जिथे पूजेतून बाहेर पडून नुसते बघतात, ती जागा नेमकी दिसते.

उदाहरणार्थ ‘निजल्या तान्ह्यावरी’. आई झोपलेल्या बाळाकडे बघते आहे, बाळ झोपेत हसतं, तिचा जीव त्याच्या चेहऱ्यावर खिळलेला. नवरा कुठेच दिसत नाही, पण बघणाऱ्या आईला बघणारा कुणीतरी आहेच ना? तो तोच. बोलत नाही, मध्ये येत नाही. आणि मग कविता एकदम वर जाते. त्रिभुवनाची आई माझ्याकडे, मी असाच झोपेत सुखदुःखाची स्वप्नं बघत असताना, अशीच कौतुकाने बघत असेल का? घरातल्या एका खोलीतून थेट देवापर्यंत जायला त्यांना मधल्या पायऱ्या लागत नाहीत. मदर मेरी आणि बाळ येशू यांची चित्रं बघत वाढलेल्या मला ही उडी अजिबात परकी वाटली नाही.

आणि मुलांची गाणी! ‘या बाळांनो’ आहे, भावा-बहिणीची दागिन्यांवरून चालणारी लुटुपुटीची भांडणं आहेत. संसार म्हणजे नुसते नवरा-बायको नव्हेत, त्यांच्या पायात घुटमळणारी ही फौजही, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

आता सालाकडे बघा, कारण इथे मला खरोखर आश्चर्य वाटतं. तांबे तरुणपणापासून लिहीत होते, पण त्यांचं पहिलं पुस्तक आलं १९२० साली, वयाच्या सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही कवी वा. गो. मायदेवांनी संपादून. तोवर केशवसुत जाऊन पंधरा वर्षं झालेली. बालकवी १९१८ ला गेले. गोविंदाग्रज १९१९ च्या जानेवारीत, रे. टिळक त्याच वर्षीच्या मे महिन्यात. म्हणजे आधुनिक मराठी कवितेची पहिली मोठी फळी जवळजवळ संपल्यावर हा त्यांच्याच पिढीचा माणूस पुस्तकरूपाने समोर आला. अपुऱ्या प्रेमाचे कवी तरुणपणीच गेले होते. उरला तो प्रेमाच्या दुसऱ्या, तिसऱ्या दशकात पोचलेला कवी. लांब टिकलेल्या प्रेमावर लिहायचं तर आधी लांब जगावं लागतं, एवढी साधी अट आहे ती.

दुसरा भाग १९२७ साली आला. त्याचे संपादक दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे. हे नाव ओळखीचं वाटत नसेल तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवा. तेच ते केळकर. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. तिथे दिवे आहेत, अडकित्ते आहेत, स्वयंपाकघरातली भांडी आहेत, कोरीव दरवाजे आहेत. पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव फिरून गोळा केलेल्या घरातल्या वस्तू. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा माजघरातल्या समया जपाव्याशा वाटणाऱ्या माणसाला तांब्यांची कविता जपावीशी वाटली, यात मला फार संगती दिसते. (पुण्याला गेलात तर दोन तास काढून जाच.)

पुढे १९३५ साली माधव ज्यूलियनांनी समग्र कविता संपादून काढली. ज्यूलियन म्हणजे रविकिरण मंडळाचे, फारसीचे पंडित, मराठीत गझल आणणारे, प्रेमाच्या बाबतीत आयुष्याने भरपूर छळलेले. त्या मंडळात श्रीधर आणि मनोरमा रानडे हे कवी-दांपत्यही होतं. या नव्या लोकांनी तांब्यांना जुना म्हणून बाजूला सारलं नाही, आपला वडीलधारा मानलं. १९३२ च्या कोल्हापूरच्या कविसंमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. आणि गोव्यात बा. भ. बोरकर नावाचा तरुण तांब्यांचे सूर कानात साठवत होता. बोरकरांच्या कवितेत जो सुखाचा, शरीराचा आणि देवाचा एकत्र गोडवा आहे, त्याचं एक मूळ ग्वाल्हेरला आहे. पुढे समीक्षकांनी ‘तांबे संप्रदाय’ असा शब्दच केला.

पण मला ज्या कवितेसाठी हा लेख लिहावासा वाटला ती ‘नववधू’.

वरवर वाचली तर ती लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीची कविता आहे. ती पुढे येते, मागे जाते, लाजते, घाबरते. तो आपला जिवलग आहे हे तिला ठाऊक आहे, त्याच्यावाचून सगळं फुकट हेही ठाऊक आहे. तरी इथल्या बागेचा, मळ्याचा, माणसांचा लळा लागलाय. निघताना गळा दाटतो. ती त्यालाच विनवते, तूच माझी भीती काढ, तूच मला धीर देऊन ने. डोळे भरतील ते घटकाभरच, खरं घर तिकडचंच आहे.

आमच्या समाजातही नवरी निघताना बायका गाणी म्हणतात आणि सगळ्या घराला रडू फुटतं. त्यामुळे प्रसंग नवा नव्हता. पण दुसऱ्यांदा वाचलं आणि कळलं की हा नवरा म्हणजे मृत्यू आहे. किंवा मृत्यूच्या रूपाने न्यायला आलेला परमेश्वर. आणि माहेर म्हणजे हे जग. एकदा हे कळलं की प्रत्येक शब्द दोन्हीकडून खरा ठरत जातो. बागेचा लळा खरा. भीती खरी. पण ज्याची भीती वाटते तोच आपला, हेही खरं.

ही कल्पना तांब्यांची एकट्याची नाही. कबीर आणि मीरा यांच्या प्रदेशात राहणाऱ्या कवीला ती हवेतूनच मिळाली असेल. आणि आपल्या बायबलमध्ये गीतरत्न आहे, ज्याच्यावर संतांनी शतकानुशतकं चिंतन केलं. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये क्रॉसच्या संत योहानने आत्म्याला वधू आणि ख्रिस्ताला वर मानून आपल्या भाषेतल्या अत्युत्तम कविता लिहिल्या, त्यातल्या बऱ्याच तुरुंगात. प्रकटीकरणाच्या पुस्तकाचा शेवटही लग्नाच्या मेजवानीकडे जातो. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. योहानची वधू रात्री घरातून गुपचूप निघते, प्रियकराच्या शोधात, अधीर होऊन. तिला मागे वळून बघायचंच नाही. तांब्यांची वधू वळून वळून बघते. ती संत नाही, संसारी आहे. तिला मळा सोडवत नाही, आणि तिच्या न सोडवण्याची तिला लाज वाटत नाही. ज्या माणसाने इतकी वर्षं घराचीच गाणी लिहिली, त्याला मरणाकडे जाताना घराविषयी तुच्छतेने बोलता येईना. म्हणून त्याने मरणालाच घर केलं, आणि तिथे जायची वाट ओळखीची निवडली. कुठल्याही सामान्य बाईने एकदा चाललेली. लग्न हीच त्यांची सगळ्यांत जवळची भाषा होती, तर शेवटच्या गोष्टीसाठी दुसरी कुठली वापरणार?

त्यांच्या समकालीन रवींद्रनाथांशी या टप्प्यावर तांब्यांची नेहमी तुलना होते. मला वाटतं रवींद्रनाथांचं आकाश मोठं आहे. तांब्यांचं अंगण जास्त ओळखीचं आहे.

शेवटच्या वर्षांतल्या कवितांत संध्याकाळ वाढत जाते. कुणी गोड गाणं मागतं तर ते म्हणतात, मधाची भांडी रिकामी झाली, आता देवाच्या नैवेद्यापुरती एक वाटी दूध उरलंय, रागावू नकोस. मी गेल्यावर लोक क्षणभर हळहळतील आणि मग आपापल्या कामाला लागतील, चंद्र-सूर्य नेहमीसारखे उगवतील, हेही ते कुठलीही कडवट चव न ठेवता सांगतात. आणि सगळं जग उगवत्याला नमस्कार करत असताना मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात. संस्थानी दरबारात आयुष्य काढलेल्या माणसाला उगवत्याला नमस्कार करणारे किती भेटले असतील, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. लग्नाच्या कविता यात दिसत नाहीत, पण त्यांतली सवय दिसते. रोजच्या गोष्टींकडे लक्ष द्यायची, जे उरलंय ते वाटीत घालून पुढे करायची.

१९३७ साली ग्वाल्हेर संस्थानाने त्यांना राजकवी केलं. ७ डिसेंबर १९४१ ला ग्वाल्हेरलाच त्यांचा मृत्यू झाला. रवींद्रनाथ चारच महिन्यांपूर्वी गेले होते. आणि तो दिवस पर्ल हार्बरचा. जगाच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी लष्करातल्या एका मराठी कवीसाठी जागा कुठून असणार! ते स्वतः हेच तर लिहून गेले होते.

मग सात वर्षांनी, १९४८ साली, क्षयाने आजारी असलेला एक तरुण गायक कोरड्या हवेसाठी देवासला राहायला आला. कुमार गंधर्व. बरीच वर्षं त्यांना गाता येत नव्हतं, त्या काळात ते माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकत राहिले, लग्नाची, ऋतूंची. बरे होऊन पुन्हा गायला लागल्यावर त्यांनी जे वेगवेगळे कार्यक्रम बांधले त्यांत एक होता ‘तांबे गीतरजनी’, अख्खी मैफल एकाच कवीच्या कवितांची. कवितेवर छापलेला राग आणि गायकाला तिच्यात सापडलेली चाल एकच असेल असं नाही. पण ज्या गावात तांबे शिकले आणि नोकरी केली, त्याच गावातल्या एका घरात बसून कुणीतरी पुन्हा ती वही उघडली आणि शब्दांच्या खाली कुठला सूर आहे ते शोधू लागलं. ते ध्वनिमुद्रण मिळालं तर लताबाईंच्या गाण्यांनंतर लगेच ऐका. आधी विचित्र वाटेल. दुसऱ्यांदा नाही वाटणार.